जनुके, मेंदूची लवचीकता आणि अध्ययन : शिक्षकाच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

पहिल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या की कोणत्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "हा मुलगा जात्याच हुशार आहे" हे एक, आणि "हिच्या डोक्यात काही शिरतच नाही" हे दुसरे. कधीकधी त्याला जोडून "घरात कोणी शिकलेलेच नाही, मग अपेक्षा तरी काय ठेवायची?" असेही म्हटले जाते. या बोलण्यामागे एक जुनी समजूत आहे. बुद्धी व स्मरणशक्ती रक्तातून येते, ती जन्मतःच ठरलेली असते आणि शिक्षकाच्या हाती फारसे काही उरत नाही, अशी ती समजूत होय. 'जीन' हा शब्द वर्तमानपत्रांतून सर्वपरिचित झाल्यापासून या समजुतीला जणू विज्ञानाचाच आधार मिळाला आहे, असे अनेकांना वाटू लागले आहे.

याच्या नेमके विरुद्ध मतही ऐकायला मिळते. जनुकांचा शिकण्याशी काही संबंध नाही, मेहनत केली की प्रत्येकाला सर्व काही सारखेच साधते, असे हे मत आहे. हेतू चांगला असला तरी तेही वस्तुस्थितीला धरून नाही.

प्रस्तुत लेखात जनुके मेंदूत नेमके कोणते काम करतात, शिकताना त्यांचा संबंध कोठे येतो आणि शिक्षकाने त्यातून कोणता बोध घ्यावा याचा विचार केला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, स्मरण टिकण्यासाठी जनुकांना काम करावे लागते आणि ती केव्हा व किती काम करतील हे बऱ्याच अंशी अनुभवावर ठरते. वर्गातील अध्यापन हा अशाच अनुभवाचा एक प्रकार आहे.

१. मेंदूची लवचीकता म्हणजे काय?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. या पेशी एकमेकींना सलग जोडलेल्या नसतात, त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी चेतापेशी या स्वतंत्र घटक आहेत हे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवले व १९०६ चे नोबेल पारितोषिक त्यांना कामिल्लो गोल्जी यांच्यासमवेत विभागून मिळाले. दोन पेशी जेथे परस्परांना संदेश देतात त्या जागेला चेतासंधी असे म्हणतात. एका पेशीतून रासायनिक द्रव्य बाहेर पडते व ते दुसऱ्या पेशीवर परिणाम करते. अशा प्रकारे संदेश पुढे जातो.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये असा विचार मांडला की, दोन पेशी वारंवार एकाच वेळी कार्यरत झाल्या तर त्यांच्यातील जोड बळकट होत जाते. १९७३ मध्ये टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूवर केलेल्या प्रयोगांतून त्याला प्रत्यक्ष पुरावा मिळाला. मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागातील एका मार्गाला थोडा वेळ जोराची विद्युत उत्तेजना दिल्यावर त्या मार्गावरील जोड कित्येक तास अधिक सक्षम राहिली. हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या घटना व माहिती स्मरणात ठेवण्यासाठी अत्यावश्यक आहे.

अनुभवामुळे चेतासंधी बळकट होणे, दुर्बल होणे, नव्याने तयार होणे किंवा नाहीशा होणे या सर्व बदलांना मिळून मेंदूची लवचीकता म्हटले जाते. शिकणे म्हणजे शरीराच्या भाषेत हाच बदल होय.

२. जनुकांचे काम

माणसाच्या पेशीत प्रथिने तयार करण्याची माहिती बाळगणारी सुमारे २०,००० जनुके असतात. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत जनुकांचा संच सारखाच असतो. फरक पडतो तो कोणती जनुके 'वाचली' जातात यामुळे. येथे ग्रंथालयाचे उदाहरण उपयोगी पडेल. एका संस्थेच्या सर्व शाखांत तीच पुस्तके ठेवली आहेत अशी कल्पना करा. वाणिज्य शाखेत एक प्रकारची पुस्तके उघडली जातात, विज्ञान शाखेत दुसऱ्या प्रकारची. शिवाय परीक्षेच्या दिवसांत जी पुस्तके मागितली जातात ती एरवी कपाटातच राहतात. पेशीतही काही जनुके सतत वाचली जातात, तर काही विशिष्ट प्रसंगीच.

जनुक वाचले गेले की त्यानुसार प्रथिन तयार होते. चेतासंधीतील रासायनिक द्रव्ये ग्रहण करणारे ग्राहक, ती द्रव्ये तयार करणारी व मोडणारी विकरे आणि पेशीच्या फांद्यांना आकार देणारा सांगाडा, हे सर्व प्रथिनांचेच बनलेले असते. म्हणून जनुकातील फरकाचा परिणाम शिकण्यावर होऊ शकतो, हे उघड आहे. आपण जनुकांबद्दल विचार करताना येथेच थांबतो. जनुकांकडून मेंदूकडे जाणारा मार्ग आपल्या ध्यानात राहतो, पण अनुभवाकडून जनुकांकडे येणारा दुसरा मार्ग विसरला जातो. पुढील दोन प्रयोगमालिकांतून हे दोन्ही मार्ग स्पष्ट होतील.

३. 'ढ' माशीचा शोध

पिकलेल्या केळ्याभोवती घिरट्या घालणारी बारीक फळमाशी आनुवंशिकतेच्या अभ्यासात शंभर वर्षांहून अधिक काळ वापरली जात आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत माश्यांना 'शिकवण्याची' एक पद्धत विकसित झाली. दोन वासांपैकी एका वासाबरोबर माशीला विजेचा सौम्य झटका दिला जाई. सामान्य माशी थोड्याच वेळात तो वास टाळायला शिकते. १९७६ मध्ये या प्रयोगशाळेने अशा माश्यांचे वर्णन प्रसिद्ध केले की ज्यांना वास येत होता आणि झटकाही जाणवत होता, पण त्या दोहोंचा संबंध लक्षात ठेवता येत नव्हता. या माश्यांमधील बदललेल्या जनुकाला 'डन्स' असे नाव देण्यात आले. वर्गातल्या भाषेत सांगायचे तर 'ढ'.

पुढे असे आढळले की, हे जनुक सायक्लिक एएमपी नावाच्या रेणूचे विघटन करणारे विकर तयार करते. सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या आहे. 'ढ' माशीत तो मोडला जात नाही, त्यामुळे तो वाजवीपेक्षा जास्त साठतो. 'रुटाबागा' या नावाच्या दुसऱ्या माशीत नेमके उलट घडते, तेथे हा निरोप्या पुरेसा तयारच होत नाही. दोन्ही माश्या शिकण्यात कमी पडतात. म्हणजे एखाद्या रेणूचे प्रमाण अधिक असले की बुद्धी अधिक, असा सरळ हिशेब मेंदूत चालत नाही. योग्य वेळी निरोप जाणे व योग्य वेळी तो थांबणे या दोन्ही गोष्टींना महत्त्व आहे.

फळमाशीच्या मज्जासंस्थेच्या अभ्यासात एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे, हे आपल्या वाचकांना आवर्जून सांगितले पाहिजे. ओबैद सिद्दिकी यांचा जन्म १९३२ मध्ये उत्तर प्रदेशातील बस्ती येथे झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिक्षण घेऊन त्यांनी ग्लासगो येथे ग्विदो पोंतेकोर्वो यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६२ मध्ये त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. सत्तरच्या दशकात बेंझर यांच्यासमवेत त्यांनी तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांचा अभ्यास केला व चेतापेशीतील विद्युत संदेशाचा आणि जनुकांचा संबंध दाखवला. पुढे मुंबईत व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्याबरोबर त्यांनी माशीच्या वास घेण्याच्या क्षमतेवर पायाभूत संशोधन केले. बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र त्यांनीच उभारले. २००६ मध्ये त्यांना पद्मविभूषण सन्मान मिळाला आणि २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

४. गोगलगायीचा धडा

माशीच्या अभ्यासातून जनुक बिघडले तर शिकणे बिघडते हे समजले. निरोगी प्राणी शिकतो तेव्हा जनुके काय करतात, हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर एरिक कँडेल यांनी ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीवरील संशोधनातून मिळवले. या प्राण्याच्या मज्जासंस्थेत केवळ २०,००० च्या आसपास चेतापेशी असतात आणि त्यांपैकी काही इतक्या मोठ्या असतात की नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतात.

या गोगलगायीला हलका स्पर्श केला की ती आपला कल्ला आत ओढून घेते. शेपटीला एक झटका दिल्यानंतर ती काही मिनिटे नेहमीच्या स्पर्शालाही जोराने प्रतिसाद देते. ही तिची अल्पकालीन स्मृती. मध्ये वेळ सोडून असेच चार-पाच झटके दिले, तर तोच सावधपणा काही दिवस टिकतो. ही दीर्घकालीन स्मृती.

दोहोंतील फरक पेशीच्या आत पाहिल्यावर फार बोलका ठरला. अल्पकालीन स्मृतीसाठी पेशीत आधीपासून असलेल्या प्रथिनांमध्ये किरकोळ रासायनिक बदल पुरेसे होते. त्यासाठी कोणतेही जनुक नव्याने वाचावे लागत नव्हते. दीर्घकालीन स्मृतीसाठी मात्र निरोप चेतासंधीपासून पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचावा लागतो. येथे माशीत भेटलेला तोच सायक्लिक एएमपी पुन्हा दिसतो. केंद्रकात 'क्रेब' नावाचे प्रथिन सक्रिय होते, ते ठरावीक जनुके चालू करते, नवी प्रथिने तयार होतात आणि त्यांच्या साहाय्याने नव्या चेतासंधी वाढतात. प्रशिक्षण दिलेल्या गोगलगायीच्या एका संवेदी पेशीवरील संधींची संख्या सुमारे १,३०० वरून सुमारे २,७०० पर्यंत गेल्याचे मोजमापात दिसून आले. नवी प्रथिने तयार होऊ दिली नाहीत तर अल्पकालीन स्मृती शाबूत राहते, पण दीर्घकालीन स्मृती तयारच होत नाही. या संशोधनासाठी कँडेल यांना २००० चे नोबेल पारितोषिक अर्विड कार्लसन व पॉल ग्रीनगार्ड यांच्यासमवेत मिळाले.

शिक्षकाच्या दृष्टीने यातील आशय महत्त्वाचा आहे. तासाला सांगितलेली व्याख्या विद्यार्थ्याने लगेच बिनचूक म्हणून दाखवली, याचा अर्थ ती त्याच्या दीर्घकालीन स्मृतीत पोहोचली असा होत नाही. या दोन स्मृती जैविक दृष्ट्या वेगवेगळ्या आहेत आणि दुसरीसाठी जनुकांना काम करावे लागते.

५. खंड पाडून केलेली उजळणी

क्रेब या प्रथिनाचे दोन प्रकार आहेत. एक जनुके चालू करतो, दुसरा त्यांना रोखून धरतो. रोखणारा प्रकार बाजूला झाल्याशिवाय दीर्घकालीन स्मृतीचे काम सुरू होत नाही. प्रत्येक किरकोळ अनुभव कायमचा साठवला जाऊ नये, यासाठी ही निसर्गाची व्यवस्था असावी. हा अडथळा दूर होण्यास वेळ व पुनरावृत्ती या दोहोंची गरज असते.

१९९४ मध्ये टिम टली व सहकाऱ्यांनी फळमाश्यांवर याचाच पडताळा घेतला. माश्यांच्या एका गटाला प्रशिक्षणाची दहा सत्रे सलग दिली. दुसऱ्या गटालाही दहाच सत्रे दिली, पण प्रत्येक दोन सत्रांत १५ मिनिटांची विश्रांती ठेवली. शिकवणे तितकेच होते, तरी सलग शिकलेल्या माश्यांची स्मृती काही दिवसांत मावळली, तर विश्रांती घेत शिकलेल्या माश्यांची स्मृती आठवडाभर टिकली. विश्रांतीमुळे टिकलेली ही स्मृती नव्या प्रथिनांवर अवलंबून होती. माणसांच्या बाबतीत खंड पाडून केलेला अभ्यास अधिक टिकतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवरील प्रयोगांतून नोंदवले होते.

आपल्या मदरशांतील हिफ्जची पद्धत या संदर्भात पाहण्याजोगी आहे. हाफिज होऊ पाहणारा विद्यार्थी रोज नवा सबक घेतो, त्याच बैठकीत मागील काही दिवसांचा सबकपारा ऐकवतो आणि त्याशिवाय जुन्या भागाचा आमोख्ता क्रमाने फिरवत राहतो. काही ठिकाणी याच टप्प्यांना सबकी व मंजिल असे म्हणतात. नवे, अलीकडचे आणि जुने अशा तिन्हींची दररोज ठरावीक अंतराने उजळणी होते, आणि तीही पुस्तकात न पाहता, उस्तादांसमोर आठवून. उस्तादांना क्रेबचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून त्यांनी जी शिस्त बसवली ती स्मृतीच्या जीवशास्त्राशी चांगली जुळते. हाच विद्यार्थी पुढे महाविद्यालयात आला की त्याला आपण एक प्रकरण एकदा शिकवतो आणि थेट सत्रअखेरीस विचारतो, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

६. माणसांतील जनुकीय फरक

आता माणसामाणसांतील फरकांकडे वळू. बीडीएनएफ हे चेतापेशींच्या वाढीला पोषक असे प्रथिन आहे आणि त्याचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. या प्रथिनाच्या ६६ व्या स्थानावर काही लोकांत व्हॅलिन, तर काहींत मेथिओनिन हे अमिनो आम्ल असते. मेथिओनिन असलेल्यांत घटना स्मरण्याची क्षमता किंचित कमी आढळते, असा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याची मोठी चर्चा झाली. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम कधी दिसला, कधी दिसला नाही. दिसला तेथेही तो लहानच होता. स्मरणशक्तीचे एकच जनुक सापडेल ही अपेक्षा यामुळे मागे पडली.

१९९९ मध्ये जो त्सिएन यांच्या गटाने उंदरांत एनआर२बी या ग्राहकाचे प्रमाण जनुकीय बदलाने वाढवले, तेव्हा ते उंदीर अनेक चाचण्यांत अधिक तल्लख ठरले. पण २००१ मध्ये असे आढळले की, अशा उंदरांना दुखापतीनंतरच्या वेदनाही अधिक काळ व अधिक तीव्रतेने जाणवतात. एक जनुक अनेक ठिकाणी कामाला येते, त्यामुळे एका बाजूचा लाभ दुसऱ्या बाजूला महाग पडू शकतो.

पुढे संशोधकांनी लाखो लोकांची संपूर्ण जनुकीय माहिती एकत्र तपासण्यास सुरुवात केली. २०१३ मध्ये सव्वा लाखाहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात शालेय शिक्षणाच्या वर्षांशी संबंधित असे अवघे तीन जनुकीय फरक सापडले आणि त्यांतील एकेकाचा परिणाम सुमारे एक महिन्याच्या शिक्षणाइतका होता. २०२२ मध्ये सुमारे ३० लाख व्यक्तींच्या अभ्यासात असे ३,९०० हून अधिक फरक नोंदवले गेले. या सर्वांची बेरीज करूनही व्यक्तीव्यक्तींच्या शिक्षणातील तफावतीचा १२ ते १६ टक्के भागच सांगता आला. हे सर्व लोक युरोपीय वंशाचे होते. शिवाय सख्ख्या भावंडांची तुलना केली की हा परिणाम बराच घटतो, कारण जनुकांच्या नावावर जमा झालेला काही भाग प्रत्यक्षात घरच्या वातावरणाचा असतो.

सारांश, जनुकांचा वाटा खरा आहे, पण तो हजारो बारीक भागांत विखुरलेला आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या रक्ताच्या तपासणीवरून तो काय शिकू शकेल हे सांगता येत नाही. मग केवळ त्याचे आडनाव, मोहल्ला किंवा वडिलांचा व्यवसाय पाहून ते सांगण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

७. परिस्थिती बदलली की फरकही बदलतो

जनुकांचा प्रभाव मोजताना परिस्थिती वगळता येत नाही, हे दाखवणारा एक जुना प्रयोग प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावा असा आहे. चक्रव्यूहातून वाट काढण्यात तरबेज उंदरांची एक जात व मंद उंदरांची दुसरी जात पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार केलेली होती. १९५८ मध्ये कॅनडातील कूपर व झुबेक यांनी या दोन्ही जातींची पिल्ले तीन प्रकारच्या वातावरणांत वाढवली. नेहमीच्या पिंजऱ्यात तरबेज उंदरांनी सरासरी सुमारे ११७ चुका केल्या आणि मंद उंदरांनी सुमारे १६४. खेळणी, बोगदे, उतार असलेल्या समृद्ध पिंजऱ्यात हेच आकडे अनुक्रमे सुमारे १११ व १२० झाले. रिकाम्या, उदास पिंजऱ्यात दोन्ही जातींनी सुमारे १७० चुका केल्या. जनुके तीच होती, पण दोन जातींतील अंतर एका ठिकाणी मोठे, दुसऱ्या ठिकाणी अगदी थोडे आणि तिसऱ्या ठिकाणी शून्य झाले. रिकाम्या पिंजऱ्यात तरबेज उंदीरही मंद ठरला, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

माणसांच्या बाबतीत एरिक टर्कहायमर यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुस्थितीतील कुटुंबांत बुद्ध्यंकातील तफावत मुख्यतः जनुकीय दिसली, तर गरीब कुटुंबांत जनुकांचा वाटा जवळजवळ शून्य आणि घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा दिसला. पुढील अभ्यासांत हा नमुना अमेरिकेत पुन्हा आढळला, पश्चिम युरोपात मात्र आढळला नाही. गरिबीचा परिणाम त्या त्या समाजाच्या व्यवस्थेवर अवलंबून असतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

फिनाइलकीटोन्युरिया या आजाराचे उदाहरणही बोलके आहे. तो एका जनुकाच्या दोषामुळे होतो. नॉर्वेचे आस्ब्यॉर्न फोलिंग यांनी १९३४ मध्ये त्याची ओळख पटवली. उपचार न झाल्यास बालकाच्या मेंदूची गंभीर हानी होते. परंतु जन्मतःच निदान करून फिनाइलॲलनिन हे अमिनो आम्ल अत्यल्प असलेला आहार दिला, तर ही हानी मोठ्या प्रमाणात टळते. दोष शंभर टक्के जनुकीय, आणि उपाय मात्र ताटातला. 'आनुवंशिक' या शब्दाचा अर्थ 'अपरिवर्तनीय' असा होत नाही, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

८. भीती, माया आणि मेंदू

अनुभव जनुकांपर्यंत कसा पोहोचतो याचे एक उदाहरण मॉन्ट्रियल येथील मायकेल मीनी व मोशे झिफ यांच्या गटाने २००४ मध्ये मांडले. काही उंदीर माता पिल्लांना अधिक चाटतात, गोंजारतात. अशा पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये तणावाला आवर घालणाऱ्या एका जनुकावरील रासायनिक खुणा वेगळ्या असतात आणि ती मोठेपणी कमी घाबरट होतात. एका मातेची पिल्ले दुसरीकडे वाढवली असता ती वाढवणाऱ्या मातेच्या वळणावर गेली. डीएनएचा मजकूर बदलला नव्हता, त्यावरील खुणा बदलल्या होत्या. माणसांबाबत इतका थेट पुरावा मिळवणे अवघड आहे, तरी दिशा ध्यानात येते.

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील सुमंत्र चटर्जी व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की, उंदरांना दीर्घकाळ तणावाखाली ठेवले तर हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या फांद्या आखडतात, तर भीतीशी निगडित ॲमिग्डला या भागातील फांद्या वाढतात. सततच्या धाकात धडा मागे पडतो व धाक तेवढा पक्का होतो, असे वर्गाच्या संदर्भात म्हणता येईल.

९. प्रौढ विद्यार्थ्यांविषयी

शिक्षण मध्येच सुटलेले, काही वर्षे गॅरेजमध्ये, दुकानात किंवा आखातात काम करून परतलेले, अथवा लग्नानंतर पुन्हा शिकू पाहणारे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांत येतात. "आता वय झाले" ही त्यांची नेहमीची धास्ती असते. लंडनमध्ये टॅक्सीचालकाचा परवाना मिळवण्यासाठी सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात आणि त्यासाठी तीन-चार वर्षे तयारी करावी लागते. एलिनॉर मॅग्वायर व कॅथरीन वुलेट यांनी अशा ७९ प्रौढ उमेदवारांच्या मेंदूंचे चित्रण प्रशिक्षणापूर्वी केले व त्यांतील बऱ्याच जणांचे प्रशिक्षणानंतर पुन्हा केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुरुवातीला या सर्वांत फरक नव्हता. जे ३९ जण उत्तीर्ण झाले त्यांच्याच हिप्पोकॅम्पसचा मागील भाग वाढलेला आढळला. उत्तीर्ण झालेल्यांना जनुकीय अनुकूलता होती काय, हा प्रश्न संशोधकांनीच खुला ठेवला आहे. पण प्रौढ मेंदू अभ्यासाने बदलतो, याविषयी शंका उरत नाही.

१०. समाजाच्या पातळीवर

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, पण टाळता येण्याजोगा नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात २००१ च्या जनगणनेनुसार मुस्लिमांचे साक्षरतेचे प्रमाण ५९.१ टक्के व देशाचे ६५.१ टक्के असल्याचे नमूद आहे. अशी तफावत पाहून कोणी समाजाच्या 'उपजत' वृत्तीकडे बोट दाखवतो, आणि खेदाची गोष्ट अशी की कधीकधी समाजातलेच लोक तसे बोलतात.

रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये दिलेले बियाण्याचे उदाहरण येथे उपयोगी आहे. ते आपल्या शेतीच्या भाषेत असे सांगता येईल. एकाच पोत्यातील मिसळीचे बियाणे अर्धे काळ्या कसदार जमिनीत व अर्धे मुरमाड रानात पेरले. प्रत्येक रानात ताटांची उंची कमीअधिक होईल व ती बियाण्याच्या गुणामुळे असेल. पण दोन रानांच्या सरासरीतील फरक केवळ जमिनीचा असेल. एका समूहाच्या आतील फरकांत जनुकांचा वाटा आहे, यावरून दोन समूहांतील फरक जनुकीय ठरत नाही. भारताची साक्षरता १९५१ मध्ये सुमारे १८ टक्के होती, २०११ मध्ये ती सुमारे ७४ टक्के झाली. साठ वर्षांत लोकांची जनुके बदलत नाहीत. शाळा, रस्ते, उत्पन्न आणि पालकांची उमेद बदलते.

वर्गासाठी काही सूचना

(अ) एखादा महत्त्वाचा मुद्दा एकदाच सविस्तर शिकवण्यापेक्षा तो दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने थोडक्यात पुन्हा घ्यावा. प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटे जुन्या भागासाठी राखून ठेवता येतील.

(आ) उजळणी म्हणजे नोट्स पुन्हा वाचणे नव्हे. पुस्तक मिटून आठवायला लावावे. सबक ऐकवण्यात हेच घडते.

(इ) परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण टाळण्यास सांगावे. झोपेत स्मृती पक्की होण्याचे काम चालू असते.

(ई) चुकलेल्या उत्तरावर अपमान करू नये. त्यामुळे विषयाऐवजी भीतीच पाठ होते.

(उ) पहिल्या चाचणीचे गुण हा विद्यार्थ्याच्या तेव्हाच्या तयारीचा आरसा समजावा. त्यावरून त्याच्या क्षमतेचा निकाल देऊ नये.

(ऊ) जो विद्यार्थी सर्व प्रयत्नांनंतरही वाचन किंवा आकडेमोडीत सातत्याने अडखळतो, त्याला अध्ययन अक्षमता असण्याची शक्यता लक्षात घेऊन तज्ज्ञांकडे पाठवावे. अशा अडचणींत जनुकांचा वाटा असतो. तो मान्य केल्याने विद्यार्थ्यावरील आळशीपणाचा ठपका दूर होतो व योग्य मदत मिळू शकते.

समारोप

विद्यार्थी वर्गात येताना आपली जनुके बरोबर घेऊन येतो व ती सर्वांची सारखी नसतात, हे मान्य केले पाहिजे. काहींना लवकर समजते, काहींना वेळ लागतो. परंतु दीर्घकालीन स्मृतीसाठी लागणारी जनुके प्रत्येक निरोगी चेतापेशीत असतात आणि ती पुनरावृत्ती, विश्रांती, लक्ष व निर्भय वातावरण मिळाल्यावर कामाला लागतात. यांपैकी बऱ्याच गोष्टी वेळापत्रकावर आणि शिक्षकाच्या वागण्यावर अवलंबून आहेत. कूपर व झुबेक यांच्या रिकाम्या पिंजऱ्यात तरबेज आणि मंद यांच्यात भेद उरला नव्हता. आपल्या वर्गात एखादा विद्यार्थी मंद वाटू लागला, तर त्याच्याविषयी निर्णय करण्यापूर्वी आपण त्याला कोणते वातावरण दिले हे तपासणे, हे शिक्षक म्हणून आपले पहिले कर्तव्य ठरते.